उइगरांचा भाव कोण ठरवतो?

एप्रिल २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी चिनी मालावरचं आयातशुल्क वाढवत वाढवत १४५ टक्क्यांवर नेलं. चीनने अमेरिकी मालावर १२५ टक्के लावून परतफेड केली, आणि आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर नुकतीच संपलेली ईद पुन्हा आल्यासारखं झालं. 'अमेरिकेला शेवटी कुणीतरी भेटलं', 'शी जिनपिंगने जागा दाखवली', असे मेसेज फिरत राहिले. चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीची मूठ आवळली तेव्हा तर कौतुकाला भरतीच आली. गाझात पोरांच्या अंगावर पडणारे बॉम्ब अमेरिकेने पुरवलेले आहेत, हे रोज मोबाइलवर बघणाऱ्या मुलाला अमेरिकेची जिरली याचा आनंद होणारच. त्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या पावलाबद्दल. अमेरिका जालीम आहे, म्हणून चीन आपला. हे पाऊल आपले बरेच तरुण, चांगले शिकलेले तरुणसुद्धा, बेधडक टाकताहेत.

म्हणून हा लेख. या दोन महासत्तांच्या साठमारीत एक अख्खा मुस्लिम समाज दोन्ही बाजूंनी वापरला गेला, आणि ज्यांनी त्याच्या बाजूने उभं राहायचं त्या मुस्लिम देशांनी तो स्वस्तात सोडून दिला. त्या समाजाचं नाव उइगर. हा हिशेब नीट मांडला तर कोणाच्या छावणीत जाऊन टाळ्या वाजवायच्या, हा प्रश्नच उरत नाही.

आधी भांडण थोडक्यात. ६ जुलै २०१८ला अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावलं आणि चीनने त्याच दिवशी सोयाबीनसह अमेरिकी मालावर तेवढंच लावलं. तेव्हापासून सरकारं बदलली तरी भांडण चालूच आहे. बायडेन यांनी ट्रम्प यांची शुल्कं काढली नाहीत. उलट ऑक्टोबर २०२२मध्ये चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं मिळू नयेत म्हणून निर्बंध घातले, आणि २०२४मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं. मग पुन्हा ट्रम्प आले. हे भांडण वरवर मालाचं दिसतं. खरं ते उद्याच्या जगात चिप, बॅटरी, बंदरं आणि समुद्र कोणाच्या हातात राहणार याचं आहे. त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न कुठेच नाही, आणि दोन्ही बाजूंनी तसा दावा केला तर तो ऐकून सोडून द्यावा.

आता उइगरांकडे येऊ. चीनच्या वायव्येला शिनजियांग हा प्रांत आहे. तिथे एक कोटीहून जास्त उइगर राहतात. भाषा तुर्की वळणाची, लिपी अरबी वळणाची, धर्म इस्लाम. जुलै २००९मध्ये उरुमचीत भीषण दंगल झाली. सरकारी आकड्यानुसार १९७ माणसं मेली, त्यांत बहुसंख्य हान चिनी होते. मार्च २०१४मध्ये कुनमिंग रेल्वे स्टेशनवर सुरे घेऊन आलेल्या टोळीने ३१ जणांना कापलं. हे दहशतवादी कृत्य होतं. ते करणारे मुसलमान होते म्हणून आपण आवाज खाली करायचं कारण नाही. पण गुन्हेगारांना पकडणं वेगळं आणि अख्ख्या समाजाला संशयित ठरवणं वेगळं. हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात तो अनुभवाने शिकलेला आहे.

इथे कोणीतरी म्हणणार की हा सगळा पाश्चात्त्य प्रचार आहे. ठीक. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन संस्थांचे अहवाल बाजूला ठेवू, त्यांना पैसा कुठून येतो हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. फक्त चीनचे कागद घेऊ. १ एप्रिल २०१७पासून शिनजियांगमध्ये 'अतिरेकीकरण' रोखण्याचा नियम लागू झाला. त्यात 'असामान्य' दाढी ठेवणं आणि चेहरा झाकणारा बुरखा ही अतिरेकाची लक्षणं म्हणून लिहिलेली आहेत. आधी सरकार म्हणत होतं की अशी कुठली शिबिरं अस्तित्वातच नाहीत. ऑक्टोबर २०१८मध्ये तोच नियम दुरुस्त करून 'व्यवसाय प्रशिक्षण केंद्रां'ना त्यात जागा दिली गेली. म्हणजे जी नव्हतीच, ती कायदेशीर झाली. चीनच्याच सांख्यिकी वार्षिकात शिनजियांगचा जन्मदर २०१७मध्ये दर हजारी १५.८८ होता, २०१९मध्ये तो ८.१४ झाला. दोन वर्षांत निम्मा. कुठल्याही समाजात कुटुंबनियोजनाच्या प्रबोधनाने दोन वर्षांत असं होत नाही. प्रबोधनाचं काम आपल्याकडे अनेकांनी आयुष्यभर केलंय, त्याचा वेग त्यांना विचारा.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०२२ला, उच्चायुक्त मिशेल बाचेलेट यांची मुदत संपायला काही मिनिटं उरलेली असताना प्रसिद्ध झाला. एवढा दबाव होता. त्यासाठी ४० जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांतले २६ जण म्हणाले की ते स्वतः त्या केंद्रांत बंदी होते किंवा तिथे कामाला होते. बाकी बराचसा आधार चिनी सरकारी कागदांचाच. निष्कर्ष असा की तिथे जे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतं. हा अहवाल वॉशिंग्टनमध्ये लिहिलेला नाही.

आता अमेरिकेचा हिशेब. तो मला सविस्तर मांडायचा आहे, कारण 'अमेरिका निदान उइगरांसाठी बोलते तरी' असं म्हणणारेही आपल्यात आहेत.

२००१च्या अखेरीला अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं, आणि पळून पाकिस्तानच्या हद्दीत आलेले काही उइगर तरुण स्थानिकांनी अमेरिकी सैन्याच्या हवाली केले. पकडून देणाऱ्यांना बक्षीस होतं. अशा एकूण २२ उइगरांना अमेरिकेने ग्वांतानामोच्या तुरुंगात टाकलं. ऑगस्ट २००२मध्ये अमेरिकेचे उप-परराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज बीजिंगला गेले आणि तिथेच त्यांनी जाहीर केलं की 'पूर्व तुर्किस्तान इस्लामिक मूव्हमेंट' ही उइगर संघटना अमेरिका दहशतवादी मानते. तेव्हा इराकवरच्या हल्ल्याची तयारी चालू होती आणि सुरक्षा परिषदेत चीनने आडवं येऊ नये अशी गरज होती. चीनला तर हेच हवं होतं. आता कुठल्याही उइगर असंतोषाला दहशतवाद म्हणायला अमेरिकी शिक्का मिळाला. त्याच वर्षी चिनी अधिकाऱ्यांना ग्वांतानामोत नेऊन या कैद्यांची चौकशी करू दिली गेली. ज्यांच्यापासून पळून ही पोरं आली, त्यांच्यासमोरच त्यांना बसवलं.

पुढे अमेरिकेनेच मान्य केलं की हे शत्रू सैनिक नाहीत. पण सोडायचं कुठे? चीनला दिलं तर तिथे छळ होणार, म्हणून तिकडे नको. मग स्वतःच्या देशात घ्या ना! ऑक्टोबर २००८मध्ये न्यायाधीश रिकार्डो उर्बिना यांनी नेमका तोच आदेश दिला. सरकारने अपील करून तो फिरवून घेतला. मग पाच जण अल्बानियात, चार बर्म्युडात, सहा पलाऊ नावाच्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशात, दोन स्वित्झर्लंडमध्ये, दोन एल साल्वादोरमध्ये आणि शेवटचे तीन ३१ डिसेंबर २०१३ला स्लोव्हाकियात, असे ते जगभर वाटून टाकले. गुन्हा सिद्ध नसताना बारा वर्षं. एकालाही अमेरिकेने स्वतःच्या जमिनीवर पाऊल ठेवू दिलं नाही.

नोव्हेंबर २०२०मध्ये त्याच अमेरिकेने ती संघटना आपल्या एका दहशतवादी यादीतून काढली आणि कारण दिलं की ती अजून अस्तित्वात असल्याचा विश्वासार्ह पुरावा दहा वर्षांहून अधिक काळ नाही. दहा वर्षं पुरावा नव्हता, तर आठवण २०२०मध्येच का झाली? कारण आता चीन मित्र राहिला नव्हता. उइगर तेच, त्यांची दुःखं तीच. बदलला तो वॉशिंग्टनचा बाजारभाव.

आणि हा भाव रोखीत कसा मोजला गेला तेही बघा. १५ जानेवारी २०२०ला अमेरिका-चीन व्यापारकराराचा पहिला टप्पा सही झाला. दोन वर्षांत चीनने जादा २०० अब्ज डॉलरचा अमेरिकी माल घ्यायचा, त्यात सोयाबीन, विमानं, नैसर्गिक वायू, डुकराचं मांससुद्धा. शिबिरांच्या बातम्या तेव्हा दोन-तीन वर्षं जुन्या होत्या. शिबिरं चालवणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांवर निर्बंध घाला, असं अमेरिकी सरकारातलेच लोक सांगत होते. ते निर्बंध का घातले नाहीत, असं जून २०२०मध्ये अ‍ॅक्सिऑस या वृत्तसंस्थेने विचारलं. ट्रम्प यांनी सरळ उत्तर दिलं की आम्ही तेव्हा मोठ्या व्यापारकराराच्या मध्यावर होतो. त्यांचे माजी सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी तर पुस्तकात लिहिलं की शी यांनी शिबिरांचं समर्थन केलं तेव्हा ट्रम्प यांनी ती बांधा असंच सांगितलं. ट्रम्प ते नाकारतात, त्यामुळे ते सोडून देऊ. व्यापाराबद्दलची कबुली त्यांच्या स्वतःच्या तोंडची आहे, तेवढी पुरे. चिनी नेते चेन च्वांग्वो यांच्यावर निर्बंध आले ते जुलै २०२०मध्ये, करार खिशात पडल्यावर आणि कोरोनावरून बीजिंगशी बिनसल्यावर. 'वंशसंहार' हा शब्द अमेरिकी परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांनी उच्चारला १९ जानेवारी २०२१ला. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची जायची होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेने उइगर वेठबिगारीविरोधी कायदा केला आणि २१ जून २०२२पासून तो लागू आहे. तो कायदा चांगला आहे. शिनजियांगमध्ये बनलेला माल वेठबिगारीचाच आहे असं तो धरून चालतो, तसं नाही हे पुराव्यानिशी दाखवण्याचं काम आयातदाराचं. जगाचा सुमारे पाचवा हिस्सा कापूस त्या प्रांतात पिकतो आणि सौर पॅनलला लागणाऱ्या पॉलिसिलिकॉनचा फार मोठा वाटा तिथे तयार होतो, त्यामुळे या कायद्याचा चिमटा खराखुरा बसला. कायदा चांगला असला म्हणून करणाऱ्याचा हेतू शुद्ध ठरत नाही, आणि हेतू अशुद्ध म्हणून कायदा टाकाऊ होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. त्याच कायद्याला एक भगदाड होतं, तेही सांगतो. ८०० डॉलरच्या आतली पार्सलं शुल्काविना आणि फारशा तपासणीविना अमेरिकेत शिरत होती, त्यातून स्वस्त चिनी कपड्यांचा पूर येत होता. चीनपुरतं ते भगदाड २ मे २०२५ला बुजवलं. त्या आदेशात कारण फेंटानिल या अमली पदार्थाचं होतं, वेठबिगारांचं नव्हतं. आणि ३० ऑक्टोबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी भेटले, तेव्हा काय ठरलं? शुल्क थोडं खाली, दुर्मिळ खनिजांवरची बंधनं वर्षभर स्थगित, आणि चीन दरवर्षी अडीच कोटी टन सोयाबीन घेणार. जाहीर झालेल्या अटींत उइगर हा शब्द नाही.

कापूस म्हटला की आपल्याला विदर्भ आठवतो, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे माग आठवतात. शिनजियांगचा कापूस अडवला गेला तेव्हा आपल्याकडे कापड व्यवसायात बोलणं सुरू झालं ते ऑर्डरी आता आपल्याकडे वळतील का, याचं. धंद्यात असं बोललं जातंच, त्यात पाप नाही. पण लगेच आपली पाळी आली. ऑगस्ट २०२५मध्ये रशियन तेलाचं निमित्त करून अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं आणि ते ओझं विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर गेलं. मोठ्यांच्या भांडणात आपण कुठे बसलोय, हे समजायला एवढं उदाहरण बास.

आता माझ्या रागाचा खरा विषय.

जुलै २०१९मध्ये २२ देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला पत्र लिहून उइगरांच्या कैदेचा निषेध केला. त्यांत मुस्लिमबहुल देश एकही नव्हता. काही दिवसांतच ३७ देशांचं उलट पत्र आलं, चीनने दहशतवाद आणि अतिरेक यांच्याविरुद्ध केलेल्या कामाची तारीफ करणारं. त्यावर कोणाच्या सह्या? सौदी अरेबिया, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, ओमान, बहारीन, इजिप्त, अल्जीरिया. कतारने सही केली आणि नंतर मागे घेतली, एवढीच काय ती लाज. त्याच वर्षी मार्चमध्ये इस्लामी सहकार्य संघटनेने, म्हणजे ५७ देशांच्या ओआयसीने, अबुधाबीत ठराव केला होता. त्यात चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची जी काळजी घेतो तिचं कौतुक होतं. काळजी!

त्याआधी जुलै २०१७मध्ये इजिप्तने उइगर विद्यार्थ्यांची धरपकड केली. त्यांतले बरेचसे अल-अझहरचे विद्यार्थी होते. दीनी इल्म शिकायला आलेली मुलं घरांतून, हॉटेलांतून, विमानतळावरून उचलली आणि कित्येकांना चीनला परत पाठवलं. अल-अझहरचा फतवा आपल्याकडे कोण कशासाठी वापरत असतं ते तुम्हाला माहीत आहे. या मुलांसाठी त्या शहरात कोणी रस्त्यावर आलं नाही.

६ ऑक्टोबर २०२२चा दिवस तर पाठ करून ठेवावा असा आहे. उच्चायुक्तांच्या अहवालावर परिषदेत नुसती चर्चा व्हावी, असा प्रस्ताव होता. निषेध नाही, निर्बंध नाहीत, चर्चा. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, अमिराती, कतार, कझाकस्तान, उझबेकिस्तान, सुदान, सेनेगल, मॉरिटानिया. मलेशिया आणि लिबिया तटस्थ. मुस्लिमबहुल देशांपैकी चर्चेच्या बाजूने हात वर केला तो एकट्या सोमालियाने, जगातल्या अतिगरीब देशांपैकी एकाने. या यादीतल्या फक्त दोन देशांनी मत फिरवलं असतं तरी चर्चा झाली असती.

हे का झालं, हे गूढ नाही. पाकिस्तानात चीनच्या आर्थिक महामार्गाची घोषणा २०१५मध्ये झाली तेव्हाच ४६ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला गेला. आखाताचं तेल सर्वांत जास्त चीन घेतो. मध्य आशियाचे रस्ते, रेल्वे, वायुवाहिन्या चीनच्या पैशावर उभ्या आहेत. इम्रान खान पंतप्रधान असताना युरोपातल्या व्यंगचित्रांवर, इस्लामोफोबियावर तासन् तास बोलत. शिनजियांगचा विषय निघाला की आपल्याला फारशी माहिती नाही म्हणत, किंवा चीनशी आम्ही बंद दाराआड बोलतो म्हणत. व्यंगचित्रकाराकडे कर्ज द्यायला पैसे नसतात, हाच काय तो फरक.

सूरह अल-मुतफ्फिफीन आपण लहानपणी मदरशात पाठ केलीय. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी तोलणारे, यांच्याबद्दल ती आहे. मौलवीसाहेब ती दुकानदारांना ऐकवतात. राजे आणि पंतप्रधानांना कोणी ऐकवत नाही.

'पण चीन पॅलेस्टाइनच्या बाजूने आहे ना?' हा पुढचा प्रश्न. सुरक्षा परिषदेत अमेरिकेने युद्धबंदीचे ठराव नकाराधिकाराने पाडले आणि चीनने बाजूने मत दिलं, हे खरं. मार्च २०२३मध्ये सौदी आणि इराणचा समझोता बीजिंगमध्ये झाला, जुलै २०२४मध्ये १४ पॅलेस्टिनी गटांना चीनने एका टेबलावर बसवलं, हेही खरं. त्याचं श्रेय द्या. पण इस्राएलमधल्या हैफाचं नवं बंदर शांघायची सरकारी कंपनी चालवते, २०२१पासून. (शेजारचं जुनं बंदर अदानींकडे आहे, ते आपल्याला पाठ असतं. नव्याचं नाव कोणी काढत नाही.) गाझावर बॉम्ब पडत असताना ते एक दिवसही बंद राहिलं पाहिजे असं बीजिंगला वाटलं नाही. चीन पॅलेस्टाइनच्या बाजूने मत देतो, कारण त्यात त्याचं काही जात नाही आणि अमेरिका उघडी पडते. अमेरिका उइगरांच्या बाजूने बोलते तीही तेवढ्याच हिशेबाने. गाझातल्या आईला आणि काशगरमधल्या आईला ही दोन शहरं नकाशावर कुठे आहेत ते माहीत नसेल. पण दोघींचा वापर एकाच रीतीने झालाय.

आता आपल्या घरी. आपण भारतात अल्पसंख्य आहोत. आपल्यावर अन्याय झाला की आपण राज्यघटनेकडे, न्यायालयाकडे आणि जगाच्या विवेकबुद्धीकडे बघतो. त्यावर सत्तेचं ठरलेलं उत्तर काय असतं? 'हा आमचा अंतर्गत मामला आहे.' चीन शिनजियांगबद्दल शब्दशः हेच म्हणतो. बीजिंगने म्हटलं की आपण माना डोलवायच्या आणि दिल्लीने म्हटलं की चिडायचं, हे चालणार नाही. हा युक्तिवाद पहिल्यांदा मोडला तो भारतानेच. १९४६मध्ये, स्वातंत्र्य मिळायचं होतं तेव्हा, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरच्या वर्णभेदी कायद्यांचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, हा आमचा अंतर्गत प्रश्न. आमसभेने ते मानलं नाही. नुसता ठराव करून भारत थांबला नाही. त्याच वर्षी त्याने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारच तोडला, असं करणारा तो पहिला देश. ज्यांच्यासाठी तोडला त्यांत गुजरातेतून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांची कुटुंबं मोठ्या संख्येने होती. गांधीजी १८९३मध्ये तिथे गेले तेच मुळी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी. म्हणजे व्यापार हे माणसाच्या हक्कासाठी वापरायचं हत्यार होऊ शकतं. स्वतःचं नुकसान सोसून वापरलं तर.

आजच्या भारताकडे तेवढी हिंमत नाही. एप्रिल २०१६मध्ये उइगर नेते डोलकुन ईसा यांना धरमशालेच्या परिषदेसाठी व्हिसा दिला आणि चीन रागावल्यावर रद्द केला. मसूद अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत टाकायला चीन आडवा आला होता, त्याची ती चुटपुटती चिमटी होती. २०२२च्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला की शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा. ज्या ३७ देशांची यादी वर दिली त्यांच्यापेक्षा हे बरं, १९४६च्या मानाने काहीच नाही.

आणि इथला तो टोमणा, तुम्हीही ऐकला असेल. गाझाबद्दल बोललात की लगेच कोणीतरी विचारतो, 'उइगरांबद्दल का गप्प?' विचारणाऱ्याला उइगरांशी काडीचं देणंघेणं नसतं, त्याला फक्त आपलं तोंड बंद करायचं असतं. पण प्रश्न वाकड्या तोंडातून आला म्हणून तो खोटा ठरत नाही. आपण खरंच गप्प आहोत. आपल्या किती जमातींनी, किती संघटनांनी, किती उर्दू-मराठी अंकांनी शिनजियांगवर एक ठराव, एक अग्रलेख, जुम्म्याच्या एका बयानात दोन वाक्यं दिली? त्यांचा टोमणा बोथट करायचा एकच मार्ग आहे: त्यांनी विचारण्याआधी बोलायचं.

काही जण म्हणतील, आपलं इथलंच कमी आहे का? कमी नाही. पण उइगरांसाठी बोलायला मोर्चा काढावा लागत नाही. शिनजियांगच्या मशिदीतून सरकारी पाहुण्यांना फिरवून केलेले 'सगळं ठीक आहे'वाले व्हिडिओ पुढे पाठवायचे नाहीत, यापासून सुरुवात होते. मोहल्ल्यात कॅमेरे बसवायची वर्गणी निघेल तेव्हा हाइकव्हिजन या कंपनीचं नाव डोळ्यांसमोर ठेवा. उइगरांवर पाळत ठेवण्यातल्या सहभागावरून अमेरिकेने २०१९मध्ये तिला काळ्या यादीत टाकलं, तिचे कॅमेरे आपल्या बाजारातही विकले गेले आहेत. गाझासाठी निवेदन लिहाल त्याच कागदावर शिनजियांगचं एक कलम घाला, आणि त्याची एक प्रत पाकिस्तानच्या, सौदीच्या, अमिरातीच्या दूतावासालाही पाठवा. चिनी दूतावास ती फेकून देईल. बाकीच्यांना ती थोडी बोचेल.

शेवटी दोन माणसांची नावं सांगतो, कारण आकडे विसरले जातात. राहिले दावुत या शिनजियांग विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ. उइगरांच्या मझारांवर, तिथल्या जत्रांवर, लोकगीतांवर त्यांनी आयुष्य घातलं. आपल्याकडच्या दर्ग्यांचे उरूस, कव्वाल्या, नवस-सायास ज्यांनी अभ्यासले, त्यांना हे काम कोणत्या जातीचं आहे ते कळेल. डिसेंबर २०१७मध्ये त्या बीजिंगला जायला निघाल्या आणि नाहीशा झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याची खात्री २०२३मध्ये पटली.

दुसरे इल्हाम तोहती, बीजिंगच्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ते चिनी कम्युनिस्टांच्या चौकटीतच बोलत. वेगळा देश त्यांनी कधी मागितला नाही. चीनच्याच कायद्यात प्रादेशिक स्वायत्ततेचं जे आश्वासन आहे ते पाळा आणि उइगर पोरांना नोकऱ्यांत डावलू नका, एवढीच मागणी. हान आणि उइगर यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून २००६मध्ये त्यांनी एक संकेतस्थळ काढलं, चिनी आणि उइगर अशा दोन भाषांत. तुम्ही आत्ता जे वाचताय त्याच्यासारखंच काहीतरी. जानेवारी २०१४मध्ये त्यांना अटक झाली, सप्टेंबरमध्ये दोन दिवस खटला चालला. वर्गातली व्याख्यानं आणि संकेतस्थळावरचे लेख हा पुरावा, फुटीरतावाद हा गुन्हा, जन्मठेप ही शिक्षा. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनाही तुरुंगात टाकलं. २०१९मध्ये युरोपीय संसदेने त्यांना साखारोव पुरस्कार दिला, तो मुलीने घेतला. २०१७नंतर घरच्यांना त्यांची भेट मिळालेली नाही. ते कुठल्या तुरुंगात आहेत, कसे आहेत, याचं एका ओळीचं पत्रही घरी आलेलं नाही.